तुझ्या आईला सांग

मानवतच्या बसस्टँडवर भागवतरावांचा आवाज ओळखत नाही असा माणूस सापडणं अवघड. एसटीत कंडक्टर म्हणून लागले आणि पुढं वाहतूक नियंत्रक झाले. गावात त्यांना कंट्रोलरसाहेब म्हणतात. काचेच्या खोलीत बसून माइकवरून गाड्या पुकारायच्या आणि पुकारता पुकारता मधेच एखाद्या म्हातारीला सांगायचं, "मावशी, पाथरीची गाडी तिकडं न्हाई, हिकडं लागलीय. पळू नका, मी थांबवून धरतो." सुट्ट्या पैशांवरून कंडक्टर आणि प्रवासी एकमेकांच्या अंगावर गेले, की दोघांना खोलीत बोलावून चहा पाजून भांडण मिटवायचं कामही त्यांच्याकडंच.

अशा बोलक्या माणसाचं स्वतःच्या बायकोशी दहा-अकरा वर्षांत एक सरळ वाक्य झालेलं नव्हतं, हे स्टँडवर कुणाला ठाऊक नव्हतं.

बाहेरून काही दिसायचंही नाही. सविताबाई घरी ब्लाऊज शिवायच्या, गल्लीतल्या बायकांचा राबता असायचा. स्वयंपाक वेळेवर, डबा वेळेवर. लग्नकार्याला नवरा-बायको जोडीनं जायचे. फक्त दोघांमधला शब्द न् शब्द मुलीच्या तोंडून जायचा. "अर्पिता, तुझ्या आईला सांग, उद्या मला सकाळची ड्युटी हाय." "अर्पिता, तुझ्या पप्पाला विचार, भाकरी टाकू का पोळ्या." आणि हे तिघं एकाच खोलीत, कधी एकाच पंगतीला बसलेले असताना.

सुरुवातीला अर्पिता शाळेत होती, तिला तो खेळ वाटायचा. मग तिच्या लक्षात आलं, की निरोप जसाच्या तसा पोचवला तर घर पेटतं. 'तिला म्हणावं, कानात बोळे घातलेत का' हे आईपर्यंत जाताना 'पप्पा विचारायलेत, ऐकू आलं का' असं व्हायचं. 'त्यांना म्हणावं, गिळा आता' याचं 'पप्पा, जेवून घ्या' व्हायचं. पोरीनं असं धुऊन-पुसून आणलेल्या शब्दांवर आई-बापांचा संसार चालला होता.

भागवतरावांना कुणी कारण विचारलं असतं तर त्यांच्याकडं उत्तर तयार होतं. सासुरवाडीला मानपानावरून वाजलं. मी खरं तेच बोललो. तिला राग आला, तिनं बोलणं टाकलं. तिनं टाकलं, तर तिनंच उचलावं. इतकी वर्षं ते तिच्या पहिल्या शब्दाची वाट बघत होते, आणि वाट बघणाऱ्या माणसाला आपण सोसतोय असंच वाटत राहतं.

अर्पिताला परभणीला माती तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरी लागली आणि ती मैत्रिणीबरोबर खोली करून तिकडंच राहायला गेली. तरी घरचं काही अडलं नाही. सविताबाई स्वयंपाकघरातून परभणीला फोन लावायच्या, "तुझ्या पप्पाला सांग, टाकी भरली, मोटार बंद करा." बाहेरच्या खोलीत पलंगावर बसलेल्या भागवतरावांना ते स्पष्ट ऐकू यायचं. तरी ते हलायचे नाहीत. मग त्यांचा फोन वाजायचा. "पप्पा, मोटार बंद करा." "बरं बाई," म्हणायचे आणि मग उठायचे. त्यात त्यांना काही वावगं वाटत नव्हतं. उलट स्टँडवर कौतुकानं सांगायचे, "पोरगी लय जीव लावती. दिवसातून चार-पाच बार फोन असतोच तिचा."

एका दुपारी नांदेडची गाडी पुकारून माइक बंद केला, तेवढ्यात अनोळखी नंबरवरून फोन आला.

"काका, मी साक्षी. अर्पिताच्या खोलीवर राहते ती. तिला दवाखान्यात आणलंय. घाबरू नका, आता बरी हाय. ऑफिसात चक्कर येऊन पडली."

"अचानक कसं काय?"

"अचानक न्हाई, काका. लय दिवसांपासून हाय. फोन वाजला की तिच्या हाताला कापरं सुटतं. छातीत धडधडतं. जेवताना फोन आला तर सगळं उलटून पडतं. मी तिचा फोन उशीखाली ठेवत असते."

"आन् आज कुणाचा फोन होता?"

"काकूंचा होता. तुमच्या डब्यात लोणचं दिलंय का राहिलं, ते तुमाला विचारायचं होतं."

भागवतरावांच्या पुढ्यात डबा उघडाच होता. लोणचं होतं.

दवाखान्यात छातीची ईसीजीची पट्टी काढली, रक्त तपासलं. काही निघालं नाही. डॉक्टरांनी वरच्या मजल्यावरच्या समुपदेशक बाईंकडं पाठवलं. राजनंदिनी मॅडम त्यांचं नाव. त्या अर्पिताशी एकटीशी दोनदा बोलल्या आणि तिसऱ्या वेळी म्हणाल्या, आई-वडिलांना घेऊन ये.

मानवत ते परभणी दोघं एकाच सीटवर बसून गेले. ओळखीच्या कंडक्टरनं हसून विचारलं, "साहेब, आज जोडीनं?" भागवतरावांनी त्याच्याशी पाऊसपाण्याच्या चार गप्पा मारल्या. सविताबाई खिडकीबाहेर बघत राहिल्या.

मॅडम वयानं अर्पितापेक्षा फार मोठ्या नसाव्यात. खोलीत खुर्च्या मांडलेल्या होत्या. कुणी काही न सांगता अर्पिता मधल्या खुर्चीत बसली, आई एकीकडं, बाप एकीकडं.

"घरी कसं चाललंय?" मॅडमनी विचारलं.

"एकदम चांगलं," भागवतराव स्टँडवरच्या आवाजात म्हणाले. "पोरीला आमी कशाचा ताण दिला न्हाई. अर्पिता, तुझ्या आईला विचार बरं, घरात काही कमी हाय का?"

अर्पितानं मान वळवली. "आई, पप्पा विचारायलेत, घरात काही कमी हाय का?"

"तुझ्या पप्पाला म्हणावं, मॅडम मला विचारतेन तवा मी सांगन."

अर्पितानं मान परत फिरवली. "पप्पा, आई म्हणते, मॅडमनी विचारल्यावर सांगते."

हे इतकं सवयीनं झालं, की बोलणाऱ्यांपैकी कुणाच्या लक्षातही आलं नाही. मॅडमनी मात्र पेन खाली ठेवलं. "अर्पिता, तू थोडा वेळ बाहेर बसतेस?"

अर्पिता उठेना. तिनं एकदा आईकडं बघितलं, एकदा बापाकडं. विहिरीच्या काठाशी लहान लेकरं सोडून जाणाऱ्या बाईच्या डोळ्यांत असते तशी धास्ती तिच्या डोळ्यांत होती. "मी गेल्यावर बोलतील का हे?" तिनं मॅडमना विचारलं.

"बघू. तू जा."

दार लागलं. मधली खुर्ची रिकामी झाली. पंख्याचा आवाज तेवढा राहिला. भागवतरावांना ती शांतता सोसेना.

"मॅडम, हिला सांगा की..."

"मी नाही सांगणार, काका," मॅडम म्हणाल्या. "त्या तुमच्या शेजारीच बसल्यात. तुम्हीच सांगा."

भागवतरावांनी तोंड उघडलं. दिवसभर गाड्या पुकारणारी जीभ टाळूला चिकटून बसली. बायकोला हाक काय मारायची, इथूनच अडलं. पूर्वी आपण तिला काय म्हणायचो? सविता? का नुसतंच अगं? त्यांना आठवेना. त्यांनी रुमाल काढून कपाळ पुसलं.

मॅडमचा आवाज चढलेला नव्हता. त्या म्हणाल्या, "दोन माणसांमधला ताण दोघांना झेपला नाही, की ती तिसऱ्याला मधे ओढतात. मग दोघांना बरं वाटतं. तुम्हा दोघांना बरंच वाटतंय ना? घरात शांतता आहे, भांडण नाही. पण तो ताण कुठं गेला नाही, काका. तुमच्या मुलीकडं गेला. शाळेत असल्यापासून ती तो धरून बसली आहे. तिला वाटतं, आपण एक निरोप चुकवला तर आई-वडील तुटतील." मग त्या सविताबाईंकडं वळल्या. "काकू, तुम्ही बोलायचं का थांबवलंत?"

सविताबाईंनी पदर सावरला आणि समोरच्या भिंतीकडं बघत बोलायला सुरुवात केली.

"माझी आई, सरजाबाई, भावाकडं राहायची, राणीसावरगावला. तिथं तिला पोटभर मिळत न्हवतं. तिनं मला गळ्याची आण घातली होती, कुणाला बोलू नको, मला ह्याच घरात दिवस काढायचेत म्हणून. माझ्या पोटात ते राहिना. मी यांना सांगितलं. नवऱ्याला न्हाई तर कुणाला सांगायचं? मग भावाच्या घराची वास्तुशांत झाली. यांना टॉवेल-टोपी केली आन् दुसऱ्या जावयाला ड्रेसचं कापड केलं. तेवढ्यावरून हे भर मांडवात उठले. म्हणले, आधी आईला पोटभर खाऊ घाला, मग वास्तुशांत करा, माझी बायको मला रडून सांगती."

त्या थांबल्या. मॅडमनी पाण्याचा ग्लास पुढं केला, तो त्यांनी घेतला नाही.

"त्या दिवसापासून भावानं, दत्तूदादानं, मला दार बंद केलं. आमी गाडीत बसून मानवतला आलो, पण आई तिथंच राहिली ना. तिचं मागं काय झालं असंन, तिला काय काय ऐकावं लागलं असंन, मला कळलंच न्हाई. ती गेली तवा मातीला गेले, तेवढंच. तवापासून ठरवलं, या माणसाजवळ आपलं काही ठेवायचं न्हाई. आपण विश्वासानं बोलावं आन् ते कुठं जाऊन आपटंल, ह्याचा भरवसा न्हाई."

तो दिवस भागवतरावांना हजारदा आठवला होता. पण त्यांच्या आठवणीत मांडव होता, टोपी होती, दत्तरावाचं पडलेलं तोंड होतं, आणि खरं बोलणारे आपण होतो. त्यात सासूबाई कुठंच नव्हत्या. आपण बोलून मोकळे झालो आणि ती म्हातारी त्याच घरात, त्याच सुनेच्या हाताखाली मागं राहिली, हे एवढ्या वर्षांत त्यांच्या मनाला शिवलंही नव्हतं. त्यांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. खुर्चीत अंग चोरून बसावं तसे ते बसले. आता काहीतरी बोलायला पाहिजे होतं.

"मॅडम, हिला म्हणावं, माझं..." एवढं तोंडातून गेलं आणि आपण काय करतोय हे त्यांना कळलं. पुढचं वाक्य तिथंच राहिलं. मॅडम खाली बघत होत्या. वेळ संपली.

बाहेर बाकावर अर्पिता बसल्या बसल्या झोपली होती. पेशंटांची गर्दी, लेकरांची रडारड, कंपाउंडरच्या हाका, आणि त्यात ती तोंड उघडं टाकून गाढ झोपलेली. सविताबाईंनी तिच्या खांद्याला हात लावला. ती दचकून उठली आणि डोळे पुरते उघडायच्या आत म्हणाली, "काय म्हणायलेत पप्पा?"

धरणीनं पोटात घेतलं तर बरं, असं भागवतरावांना झालं. ते तोंड फिरवून जिना उतरायला लागले.

निरोप बंद, असं मॅडमनी अर्पिताला बजावलं होतं. तिनंही फोनवर दोघांना वेगवेगळं सांगितलं. सांगताना तिचा सूर असा होता, जणू तीच काही गुन्हा करत होती. मग मानवतच्या घरात खरी शांतता झाली. एक दिवस टाकी भरून पाणी गल्लीत वाहायला लागलं. दोघं आपापल्या खोलीत ते ऐकत बसले. शेवटी शेजारचे व्यंकटराव ओरडले, "अहो कंट्रोलर, घरात कुणी हाय का न्हाई?" भागवतराव उठले. मोटारीचं बटण दाबताना त्यांना शेजाऱ्याकडं बघवलं नाही.

आता पहिला शब्द आपला होता, हे त्यांना कळून चुकलं होतं. पण घरात पाऊल टाकलं की बोलायचं राहून जायचं. मग त्यांनी मनाशी एक हिशोब मांडला. बेइज्जती चार लोकांत केली, तर माफीही चार लोकांतच मागायची. रजा टाकली, घरी कुणाला न सांगता परभणीहून गंगाखेडची गाडी धरली आणि पुढं राणीसावरगावला उतरले.

दत्तराव स्टँडजवळच्या हॉटेलात चहा घेत बसले होते. केस पार पांढरे झालेले. आजूबाजूला पाच-सहा माणसं. भागवतराव समोर जाऊन उभे राहिले.

"दत्तराव, वास्तुशांतीला मी भर मांडवात जे बोललो ते चुकलं. लोकांत बोललो होतो, म्हणून लोकांतच माफी मागतो."

दत्तरावांनी बशी खाली ठेवली. मग म्हणाले, "दाजी, लोक इसरले होते. तुमी आज आठवण करून दिली."

त्यांनी हॉटेलवाल्याला सांगितलं, "यांना एक चहा दे." आणि चप्पल घालून निघून गेले.

चहा आला. भागवतराव तो घेऊन उभेच राहिले. पाठीमागं एका तरण्या माणसानं विचारलं, "काय झालं होतं हो वास्तुशांतीला?" आणि एका जाणत्यानं आवाज बारीक करून सगळी गोष्ट सांगायला घेतली. म्हातारीच्या ताटापासून. भागवतरावांना तो चहा गिळवेना आणि टाकवेना.

परतीच्या वाटेवर त्यांनी स्वतःची समजूत घातली. काही का असेना, आपण जाऊन आलो. हे अर्पिताला सांगू. ती आईला सांगेल, पप्पांनी माफी मागितली म्हणून. मग सविताचा राग उतरेल.

घरी आले तेव्हा दिवस मावळत होता. सविताबाई मशीनवर बसल्या होत्या, पण मशीन बंद होतं.

"राणीसावरगावला गेला होता?"

भागवतरावांनी मागं वळून बघितलं. त्यांना वाटलं, दारात कुणीतरी आलंय. दारात कुणी नव्हतं.

"हो," ते म्हणाले.

"दत्तूदादाचा फोन आला होता. इतक्या वर्षांनी फोन केला, तो मला बोलायला. मीच तुमाला पाठवलं म्हणाला. अजून किती लाज काढायचीस आमची, म्हणाला." त्यांनी हातातली कात्री मशीनवर ठेवली. "मला विचारलं का तुमी?"

"मी म्हणलं, तुझ्यासाठी..."

"आई माझी. भाऊ माझा. तवा बी माझी गोष्ट मला न विचारता तिथं नेऊन टाकली. आज बी तेच केलं. माझ्यासाठी न्हाई गेला तुमी. तुमाला हलकं वाटावं म्हणून गेला."

भागवतरावांना नाही म्हणायचं होतं. पण गाडीत बसून आपण काय ठरवत आलो ते त्यांना आठवलं. तीच पोरगी, तोच निरोप. जिला बाकावर झोपलेलं बघून आलो, तिच्याच खांद्यावर परत एक गठुडं ठेवायला आपण निघालो होतो. उंबऱ्याच्या आतच ते भिंतीला टेकून उभे राहिले. बसायची हिंमत झाली नाही.

"न्हाई विचारलं," ते म्हणाले. "चुकलं."

"कशाचं चुकलं?"

"दत्तरावाला बोललो ते..."

"त्याचं सोडा."

भागवतरावांनी मान खाली घातली. "तुझी आई त्या घरात राहिली. मी बोलून निघून आलो. तू मला भरवशानं सांगितलं होतं, आन् मी एका टोपीपायी..." पुढचं नीट ऐकू आलं नाही.

सविताबाई मांडीवरच्या कापडाकडं बघत होत्या. डोळ्यांतलं पाणी त्यांनी पुसलं नाही, लपवलंही नाही. थोड्या वेळानं म्हणाल्या, "आज एवढंच बोला. मला ह्याच्या पुढचं ऐकवणार न्हाई."

त्या आत गेल्या आणि झोपल्या. भागवतरावांनी स्वतःच भाकरी आणि पिठलं वाढून घेतलं.

एवढ्यानं संसार रुळावर आला, असं कुणी समजू नये. दोघं आता बोलतात, पण कामापुरतं. टाकी भरली. गॅस संपला. उद्या ड्युटी किती वाजता? सविताबाई स्वतःचं काही सांगत नाहीत आणि भागवतराव विचारत नाहीत, कारण तो हक्क आपण घालवलाय हे त्यांना उमगलंय. कधी त्या चिडून बोलतात. वर्षानुवर्षं अर्पितानं मऊ करून आणलेले शब्द आता सरळ अंगावर येतात. भागवतराव ते ऐकून घेतात. पूर्वी आपल्या बायकोच्या तोंडून 'जेवून घ्या' येतं असं ते समजायचे. ते शब्द पोरीचे होते, हे त्यांना आत्ता कळतंय.

अर्पिता परत कामावर जायला लागली. हाताचं कापरं गेलं नाही, कमी झालं, असं साक्षी सांगते. निरोप बंद केल्यापासून घरी फोनही कमी झाले होते. मग एका रविवारी तिनं आपणहून फोन केला. सविताबाई बाहेर गेल्या होत्या. भागवतरावांनी उचलला.

"पप्पा."

"हं, बोल बाई."

"न्हाई, काही न्हाई. सहज केला."

भागवतराव पुढं बोलायला गेले आणि त्यांच्या लक्षात आलं, की 'तुझ्या आईला सांग' हे शब्द काढले तर आपल्याकडं या पोरीशी बोलायला काहीच नाही. रोज चार-पाच बार बोललो, पण तिच्याशी कधी बोललोच नाही. पोरगी लय जीव लावती, असं आपण स्टँडभर सांगत फिरलो. तिला नोकरी लागून दोन वर्षं होत आली. ती तिथं दिवसभर काय करते हेसुद्धा आपल्याला माहीत नाही. त्यांना एवढी लाज वाटली, की फोन ठेवून द्यावा असं झालं. तरी त्यांनी तो कानाला तसाच धरला.

"अर्पिता, तू तिथं ऑफिसात काय करतीस गं दिवसभर?"



"खरंच सांगू?"

"सांग की."

"शेतकरी माती आणून देतात, पप्पा. पिशवीत चिठ्ठी असते, नाव आणि गट नंबर लिहिलेली. आमी ती आधी सावलीत वाळवतो. उन्हात न्हाई चालत. मग लाकडानं ढेकळं फोडायची आणि चाळायची..."

ती सांगत राहिली. सांगता सांगता तिचा आवाज भरून आला आणि परत सरळ झाला. भागवतराव पलंगावर बसून ऐकत होते. ती थांबली तेव्हा त्यांनी विचारलं, "मग चाळल्यावर काय करता?"